सीता अशोक आणि नरक्या: दोघांपुढं ‘असुरक्षित’ लिहिलंय, मग लावायचं कुठलं आणि कुठं?

कोल्हापुरातल्या एका तालीम मंडळाच्या पोरांनी विचारलंय, की यंदा गणपतीच्या वर्गणीतनं शिल्लक राहिलेल्या पैशातनं शाहूवाडीकडं, आंबा घाटाच्या अलीकडं, एका मेंबरच्या मालकी रानात दोनशे झाडं लावायची आहेत, आंबा-फणसापेक्षा धोक्यात असलेली देशी झाडं लावावीत असं ठरलंय, आणि कुणीतरी दिलेल्या यादीत सीता अशोक आणि नरक्या या दोन्हींपुढं ‘असुरक्षित’ असं लिहिलंय. तर दोघांत जास्त धोक्यात कुठलं, आणि शंभर-शंभर लावली तर चालतील का.

पोरांनो, पहिलं म्हणजे विचारलंत हे फार बरं केलंत, कारण बहुतेक जण आधी रोपं आणतात, फोटो काढतात आणि मग मे महिन्यात झाडं वाळली की विचारतात. मी रोपवाटिका चालवते आणि राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगड या पट्ट्यात झाडांच्या नोंदी करायचं कामही बरीच वर्षं करतेय, त्यामुळं ही दोन्ही झाडं पिशवीतली पण माहिती आहेत आणि रानातली पण, आणि या दोन ठिकाणची त्यांची तब्येत फार वेगळी असते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर शंभर-शंभर लावू नका. दोघांना ताप सारखाच दिसतोय पण आजार वेगळा आहे, एकाला टायफॉईड आणि दुसऱ्याला मलेरिया असावा तसं, त्यामुळं औषधही एक चालणार नाही. सीता अशोक बागेत लावून रानातला अशोक वाचत नाही. नरक्याचं मात्र बऱ्यापैकी उलटं आहे, तो शेताच्या बांधावर लागला तर रानातल्या नरक्यावरचा ताण खरोखर कमी होऊ शकतो. का, ते आता सांगते.

आधी त्या ‘असुरक्षित’ शब्दाचं बघू. आययूसीएन ही निसर्ग संवर्धनाचं काम करणारी जागतिक संघटना, तिच्या लाल यादीत धोक्याच्या तीन पायऱ्या आहेत, असुरक्षित, संकटग्रस्त, अतिसंकटग्रस्त. लोकांना वाटतं की झाडं मोजली आणि कमी भरली म्हणून नाव यादीत गेलं. तसं नसतं. बघतात ते प्रामुख्यानं दोन गोष्टी, झाडं किती वेगानं घटतायत आणि किती मोठ्या मुलखात पसरलेली आहेत. दहा वर्षांत किंवा त्या झाडाच्या तीन पिढ्यांत, यातलं जे जास्त असेल त्या काळात, साधारण ३० टक्के घट झाली असेल तर असुरक्षित, ५० टक्के झाली तर संकटग्रस्त, ८० टक्के झाली तर अतिसंकटग्रस्त. पसाऱ्याचा निकष लावला तर २०,००० चौरस किलोमीटरच्या आत आलेली जात असुरक्षित धरतात, पण नुसतं तेवढ्यावर नाही, सोबत तुकडे पडणं, घट चालू असणं अशा गोष्टीही दिसाव्या लागतात. म्हणजे एखादं झाड तुम्हाला रोज दिसत असलं तरी यादीत असू शकतं, आणि एखादं कधीच दिसत नसलं तरी यादीत नसू शकतं.

सीता अशोकाला जागतिक यादीत ‘असुरक्षित’ हा शिक्का बसलाय तो १९९८ सालचा. तेव्हापासून आपल्याकडच्या ओढ्याकाठी काय-काय झालंय ते तुम्हीच बघा, किती रस्ते वर चढले, किती काजू लागला, किती मालकी रानं तुटली. तो शिक्का जुना आहे म्हणून हलका समजू नका, उलट आज नव्यानं बघितलं तर चित्र त्याहून बरं निघेल असं मला रानात फिरताना कुठंच वाटत नाही.

नरक्याचं वेगळं. त्याचा पसारा फार मोठा, आपल्या सह्याद्रीपासून श्रीलंका, ईशान्य भारत, पार तैवानपर्यंत. जगाच्या नकाशावर बघितलं तर काळजी कमी वाटेल. पण १९९० च्या दशकात दक्षिणेतल्या राज्यांसाठी औषधी वनस्पतींची जी राज्यवार मूल्यांकनं झाली त्यात नरक्या कुठं असुरक्षित तर कुठं संकटग्रस्त धरला गेला, कारण पश्चिम घाटातनं तो ट्रक भरभरून चालला होता. तुमच्या यादीतला ‘असुरक्षित’ बहुधा तसल्याच मूल्यांकनातनं आलाय. तेव्हा एकाच यादीत शेजारी-शेजारी बसलेले हे दोन शब्द एकाच तराजूत तोललेले नाहीत एवढं ध्यानात ठेवा. कुणी यादी पाठवली की पहिला प्रश्न हाच विचारायचा, की हे जगाचं मूल्यांकन की राज्याचं, आणि कुठल्या सालचं.

आता झाडं ओळखू, कारण निम्मा घोटाळा तिथंच होतो.

सीता अशोक म्हणजे सराका असोका, शेंगवर्गातलं सदाहरित झाड, फार उंच जात नाही, वीस-तीस फूट, पानांचा घेर दाट. कोवळी पानं तांबूस-गुलाबी, मऊ, अशी लोंबती येतात की नवख्या माणसाला झाड आजारी आहे असं वाटतं. फुलं साधारण जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, आणि ती फांदीच्या टोकालाच नाही तर जुन्या जाड फांद्यांवर, कधी थेट बुंध्यावरसुद्धा गुच्छानं येतात. एकदा हातात घेऊन नीट बघा. ज्याला आपण पाकळ्या म्हणतो त्या पाकळ्या नाहीतच, या फुलाला पाकळी नसते, ती नळी आणि वरचे चार रंगीत भाग हे निदलपुंज आहे, म्हणजे एरवी कळीला बाहेरनं झाकणारी हिरवी दलं असतात ती, आणि त्यातनं लांब लाल पुंकेसर बाहेर आलेले असतात, बहुतेक फुलांत सात. उमलतं तेव्हा पिवळट-केशरी असतं आणि दिवस जातील तसं लाल होत जातं, म्हणून एकाच गुच्छात सगळ्या छटा दिसतात. वास मंद, पण संध्याकाळनंतर जास्त जाणवतो.

आणि ज्याला अख्खं कोल्हापूर ‘अशोक’ म्हणतं, बंगल्यांच्या कंपाउंडला, शाळांच्या गेटला सरळ उभा असतो तो, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. तो खोटा अशोक, सीताफळाच्या कुळातला, फुलं हिरवट, चांदणीसारखी, पटकन दिसत पण नाहीत. तो अजिबात धोक्यात नाही. रोपवाटिकेत जाऊन नुसतं ‘अशोक द्या’ म्हणालात तर हाच हातात पडेल. त्याहून बारीक भानगड पुढं सांगते.

नरक्या म्हणजे नॉथापोडायटीस निम्मोनियाना, जुन्या पुस्तकांत मॅपिया फोटिडा म्हणून सापडेल. लहानखुरं झाड, दहा-वीस फूट, साल करडी, सुरकुतलेली, पानं मोठी आणि फांदीच्या टोकाकडं गर्दी करून आलेली. फुलं पावसाळ्यात, आषाढ-श्रावणात, बारीक, पिवळसर पांढरी, टोकाला चपट्या गुच्छात, आतनं केसाळ. आणि वास. पान चुरगळलं तरी घाण येते, फुलांचा तर दुरूनच येतो, गगनबावड्याच्या धुक्यात झाड दिसायच्या आधी नाकाला कळतं. माणसाला नको वाटणारा हाच वास माश्या आणि इतर बारीक किड्यांना बोलावतो, फुलोऱ्यावर नुसती वर्दळ असते. फळं दिवाळीनंतर पिकायला लागतात, हिरव्याची लालसर आणि मग जांभळट काळी होतात, बोटाच्या पेराएवढी, आत एकच बी. अजून एक गोष्ट, सगळी झाडं सारखी नसतात, काहींवर नुसती नर फुलं, काहींवर मादी, काहींवर दोन्ही. हे पुढं लावताना कामाला येतं.

दोघांची जागा पण वेगळी. अशोक हा ओढ्याचा माणूस. सावली, ओल, खोल माती, दगडातनं झिरपणारं पाणी, आणि उंचीला फार चढत नाही, घाटमाथ्यापेक्षा घाटाच्या पोटात, कोकणाकडं उतरणाऱ्या नाळांत आणि आपल्याकडच्या खोलगट ओढ्यांत, देवराईच्या पाण्याच्या कडेला. नरक्या मात्र घाटमाथ्याला मजेत असतो, पार महाबळेश्वरच्या उंचीपर्यंत, दाट जंगलाच्या कडेला, जिथं थोडा उजेड मिळतो तिथं. म्हणजे एकाच डोंगरावर दोघं असले तरी एक खाली पाण्याशी आणि एक वर रानाच्या कडेला.

आता धोका.

अशोकाची साल अशोकारिष्टात जाते, बायकांच्या पाळीच्या तक्रारींवर, आणि ही मागणी आजची नाही आणि थोडी पण नाही, देशात वर्षाला हजार टनाच्या वर या सालीचा व्यापार होतो असं औषधी वनस्पतींच्या व्यापाराचे अभ्यास सांगतात. एवढी साल द्यायला लागवड कुठं आहे? जवळपास नाहीच. म्हणून बराचसा माल रानातनं येतो आणि जो येत नाही त्या जागी खोट्या अशोकाची किंवा आणखी कशाची साल भरतात, ही भेसळ तपासणीत पुन्हा पुन्हा सापडलेली आहे. बरेच लोक म्हणतात भेसळ होते म्हणजे खरा अशोक वाचतोय की. मला हे पटत नाही. भेसळ होतेय याचा अर्थ खरी साल पुरत नाही, आणि जी सापडेल ती कुणीतरी काढणारच.

साल कशी काढतात ते सांगते म्हणजे कळेल. कोयत्यानं बुंध्याला खाली एक आडवी चीर, हात पुरेल तिथं वर एक, मध्ये उभी चीर, आणि मग पहार लावून सगळी साल गोल सोलून काढायची. झाड तोडलेलं नसतं, उभंच असतं, पानं पण हिरवी असतात, म्हणून पहिल्या नजरेला काही झालंय असं वाटत नाही. पण पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडं जातं ते सालीच्या आतल्या थरातनं, तो थर सगळीकडनं तुटला की मुळं उपाशी, आणि वर्ष-दोन वर्षांत झाड उभ्या-उभ्या वाळतं. बुंध्याच्या एका बाजूची उभी पट्टी काढली आणि बाकीची साल राखली तर जखम भरते, झाड जगतं, तशी पद्धत सरकारी मार्गदर्शनातही आहे. पण रात्री येऊन पोत्यात भरणारा माणूस पट्ट्या मोजत बसत नाही.

तरी माझ्या मते आपल्या भागात सालीपेक्षा मोठा घाव जागेचा आहे. अशोकाला ओढ्याकाठची सावली लागते, आणि आपण नेमकं ओढ्याकाठचंच रान साफ करतो, कारण तिथं पाणी असतं. आजरा-चंदगडकडं काजू, दोडामार्गकडं रबर, इकडं ऊस चढत चढत वर आलाय, ओढ्याला बांध घातला, जेसीबीनं काठ सरळ केला, की काठावरचं अर्धं गाव गेलं. अशोकाची मोठी झाडं एखादवेळी देवाच्या नावानं ठेवतात पण खालची पोरं राहत नाहीत. मी एखाद्या ओढ्याला गेले की आधी मोठी झाडं मोजतच नाही, गुडघ्याएवढी रोपं शोधते. मोठी झाडं आहेत, फुलतायत, आणि खाली एकही रोप नाही असं जिथं दिसतं तिथं ते झाड म्हातारं होऊन गेलं की त्या ओढ्यातला अशोक संपला. बी पण नाजूक, शेंगेतनं पडलं की थोड्याच दिवसांत ओल गेली तर मेलं, वर्षभर मातीत पडून राहून पुढच्या पावसाला उगवायची ताकद त्यात नाही. वरनं गुरं आणि दरवर्षीचा वणवा.

नरक्याची गोष्ट नव्या काळातली. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या शास्त्रज्ञांनी एका चिनी झाडातनं कॅम्टोथेसिन नावाचं रसायन वेगळं काढलं, ते कॅन्सरच्या पेशी वाढू देत नाही असं दिसलं. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं की तेच रसायन आपल्या नरक्यात आहे, आणि चांगल्या प्रमाणात. तोवर ज्या झाडाला कुणी सरपणाला पण हात लावत नव्हतं त्याला भाव आला. पुढं त्या रसायनावरनं टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं तयार झाली, अमेरिकेत १९९६ साली दोन्हींना मंजुरी मिळाली, आणि आज अंडाशयाच्या, फुप्फुसाच्या, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ती वापरतात. कुणाच्या तरी घरातला माणूस त्यामुळं जगतोय, म्हणून या झाडाकडं मी फक्त ‘चोरीचा माल’ म्हणून बघू शकत नाही.

पण हिशेब बघा. लाकडात हे रसायन असतं फार थोडं, चांगल्या झाडात वजनाच्या हजारात एक ते तीन भाग धरा. म्हणजे एक किलो रसायनाला शेकडो किलो सुकं लाकूड लागतं, आणि सगळं रसायन काढता येतच नाही म्हणून प्रत्यक्षात अजून जास्त. मग आपल्या सह्याद्रीत काय झालं, गावातल्या माणसाला किलोमागं थोडे रुपये मिळायचे, तो तोडून आणायचा, मधला दलाल तुकडे किंवा भुकटी करून पुढं पाठवायचा, आणि नरक्याची लाकडं पकडली अशा बातम्या कोकणातनं आणि आपल्या पट्ट्यातनं येत राहिल्या. पोटापाण्यासाठी तोडणाऱ्या माणसाला मी दोष देत नाही. त्याला त्या लाकडाचं पुढं काय होतं, कितीला जातं, हे शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

आणि नरक्याचं खरं नुकसान तोडण्यानं नाही, उपटण्यानं होतं. बुंधा जमिनीपासून वीतभर ठेवून तोडला तर हे झाड छान फुटतं, खुंटाला चार-पाच धुमारे येतात आणि काही वर्षांत पुन्हा काढणीला येतं. पण मुळात रसायन जास्त म्हणून लोभानं मुळासकट काढतात. रानात हे ओळखू येतं, खुंट दिसत नाही, दिसतो तो गुडघाभर खड्डा, कडेला फिकट मुळ्यांचे राहिलेले तुकडे आणि उलटी पडलेली माती. खुंट दिसला तर मला थोडा धीर येतो, खड्डा दिसला की तिथलं झाड कायमचं गेलं.

इथं एक गोष्ट मध्येच सांगते, महत्त्वाची आहे. नरक्याच्या सालीचा काढा कॅन्सरवर देतात असं कुणी सांगितलं तर कृपा करून कुणाला देऊ नका. कच्चं कॅम्टोथेसिन १९७० च्या दशकात पेशंटवर तपासलं गेलं तेव्हा मूत्राशयातनं रक्त, रक्तपेशी घटणं असले गंभीर त्रास झाले आणि त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. आज जे इंजेक्शन देतात ते त्यात बदल करून, डोस मोजून, डॉक्टरांच्या नजरेखाली. झाड उपयोगी आहे म्हणजे त्याचा काढा औषध आहे असं होत नाही.

तर आता दोघांना शेजारी ठेवून बघा. अशोकाचा मुख्य प्रश्न जागा, पिढी आणि सालीसाठी मोठी झाडं मरणं. तुम्ही शहरात हजार अशोक लावले तरी ओढ्यातला अशोक त्यानं वाढत नाही, साल काढणारा माणूस बागेतला अशोक सोलायला येत नाही, आणि एकटं लावलेलं झाड फुललं तरी त्याला शेंगा फार तुरळक धरतात, मी शहरातल्या झाडांवर हे दरवर्षी बघते. त्यामुळं बागेतला अशोक डोळ्याला छान, लोकांना ओळख होते हा फायदा पण खरा, पण त्याला संवर्धन म्हणू नये. नरक्याचा मुख्य प्रश्न मागणी. ती मागणी खरी आहे आणि थांबणार नाही, २००५ साली तर नरक्याच्या आत राहणाऱ्या एका बुरशीतनं पण हे रसायन मिळतं असा शोध आपल्याच शास्त्रज्ञांनी मांडला, पण म्हणून लाकडाची मागणी काही थांबलेली नाही. मग शेतकऱ्याच्या बांधावर नरक्या असेल, तो खुंट ठेवून तोडत असेल, ग्रामपंचायतीत त्याची नोंद असेल आणि रीतसर परवान्यानं विकता येत असेल, तर रानात शिरायचं कारणच कमी होतं. लवकर वाढतो, फुटतो, गुरं वासामुळं फारसं तोंड लावत नाहीत. लागवडीला याच्यापेक्षा सोयीचं झाड कुठलं?

दोघांत जास्त धोक्यात कुठलं म्हणाल तर आपल्या जिल्ह्यापुरतं मी अशोक म्हणेन. नरक्या कापला गेला तरी रानाच्या कडेला पुन्हा उगवताना दिसतो, पक्षी फळं खाऊन बी नेतात, उजेड मिळाला की रोप वर येतं. अशोकाची जागा एकदा गेली की तो दुसरीकडं चालत जात नाही.

तुमच्या रानाबद्दल. तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरनं रान उघडं आहे, वारा आहे, एका कडेला ओढा आहे पण त्याच्या काठाला पण झाडी विरळ आहे. उघड्यावर अशोक लावू नका, पहिल्या उन्हाळ्यात पानं करपतील. ओढ्याच्या कडेला जिथं आधीच सावली आहे तिथंच वीस-पंचवीस लावा, त्याहून जास्त नको. जिथं सावली नाही तिथं आधी करंज, उंबर, जांभूळ लावा आणि तीन-चार वर्षांनी त्यांच्या खाली अशोक घाला, एवढी कळ काढा. नरक्या रानाच्या कडेला, अर्ध्या सावलीत, पाणी साठणार नाही अशा जागी, चाळीसएक लावा, आणि विखरून नको, घोळक्यानं लावा, कारण नर-मादीचं मघाशी सांगितलं, दहा-बारा झाडं जवळ असतील तर फळं धरायची शक्यता वाढते. उरलेली सगळी साधी झाडं लावा, किंजळ, हिरडा, पारजांभूळ, अंजन. यादीत नाव नसलेली झाडं लावण्यात कमीपणा नाही, ती सावली धरतात म्हणूनच यादीतली झाडं खाली जगतात.

रोपं विकत घेताना दोन गोष्टी. शोभेच्या रोपवाटिकांत ‘सीता अशोक’ म्हणून कधी कधी परदेशी सराका देतात, पान बरंच मोठं, फुलं भडक पिवळी. बागेला चालेल, रानात नको. दुसरं, खरा अशोक असला तरी तो कुठल्या बियांचा आहे ते विचारा. लांबच्या कुठल्या तरी एकाच झाडाच्या शेंगांची पाचशे रोपं ट्रकनं येतात, ती सगळी भावंडं असतात. मी तरी आपल्याच खोऱ्यातल्या निदान चार-पाच वेगवेगळ्या झाडांचं बी मिसळून करते. थोडी जास्त पायपीट होते पण तुमच्या ओढ्याला तेच योग्य.

बी स्वतः करणार असाल तर अशोकाच्या चपट्या शेंगा वळवापासून पाऊस लागेपर्यंत तयार होत जातात, शेंग तपकिरी झाली, उकलायला लागली की काढायची, आणि बी त्याच आठवड्यात लावायचं, डब्यात ठेवून द्यायचं नाही. निम्मी माती, निम्मी वाळू आणि कुजलेला पालापाचोळा, पिशवी लांब घ्या, बी आडवं, बोटाच्या पेराएवढं खोल. तीन-चार आठवड्यांत उगवतं. पण लगेच त्या पावसात रानात न्यायचं नाही, निदान एक उन्हाळा, जमलं तर दोन, शेडनेटखाली काढू द्या. नरक्याची फळं काळपट झाली की घ्या, गर चोळून धुवून टाका, गर राहिला तर बुरशी धरते, सावलीत एक-दोन दिवस ठेवा आणि वाळूत पेरा. हा उगवायला वेळ लावतो, महिना-दोन महिने काहीच दिसत नाही, म्हणून वाफा उकरून बघायचा मोह होतो, तो टाळा. पाणी बेतानं.

आणि दोनशे झाडांपेक्षा मोलाचं काम तुमच्या हातात अजून एक आहे. त्या ओढ्यानं वर-खाली फिरून जंगली अशोक कुठं-कुठं उभा आहे, खाली रोपं आहेत का, साल काढलेली आहे का, एवढं वहीत लिहा. प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही असते, बऱ्याच गावांत ती कपाटात असते, ती काढायला लावा आणि त्यात ही नोंद घालायला सांगा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत घ्या, कुठल्या देवराईत काय होतं ते त्यांनाच माहिती. साल काढलेलं नवं झाड दिसलं तर लगेच वनरक्षकाला कळवा. विशाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड इकडची बरीच रानं आता संवर्धन राखीव झाली आहेत, तिथं तक्रारीला वजन आहे.

फक्त नरक्याच्या जागा व्हॉट्सॲपवर टाकू नका. मोबाईलचं लोकेशन बंद करून फोटो काढा, गावाचं नाव लिहू नका, ग्रुपवर ‘इथं भरपूर नरक्या सापडला’ असं तर मुळीच नको. दलाल पण त्याच ग्रुपवर असतात.

बी गोळा करायचं झाड वनखात्याच्या हद्दीत असेल तर आधी रेंज ऑफिसला अर्ज द्या, मालकी रानातलं असेल तर मालकाला विचारा, आणि एका झाडाच्या निम्म्याहून जास्त शेंगा कधीच घेऊ नका. अर्ज वळवाच्या आधी, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेला तर परवानगी वेळेत मिळते. अर्ज कसा लिहायचा ते विचारलंत तर मसुदा करून देते, आणि पहिल्या खेपेला ओढा बघायला मी सोबत येईन.